बर्फातलं अस्वल

"मेली! अरे बाप्पा, मेली ना!"

मी घरापुढच्या छपरीत बसून तांदूळ निवडत होते. आवाज आतल्या खोलीतून आला. हातातलं सूप तसंच टाकून मी धावले. सुपातले तांदूळ सांडले, त्यावरून माझा पाय घसरला, आणि दाराच्या चौकटीला धरून मी कशीबशी उभी राहिले.

नवरा खाटेवर बसला होता, हातात मुलीचा जुना फोन.

"कोण मेली?"

"अस्वल."

"कोणतं अस्वल?"

"माहीच व. उपाशी मेली. मासोयाच नाई भेटल्या तिले."

 फोनवरच्या खेळासाठी माझा जीव असा टांगणीला लावला म्हणून मी चिडायला हवं होतं. मी शाळेत शिकवते. फोनवर गेम खेळू नका, हे पोरांना रोज सांगणारी बाई मीच. पण त्या घडीला मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच उंबऱ्यावर बसले. त्याच्या तोंडून एवढा मोठा आवाज मी गेल्या मोहाच्या दिवसांपासून ऐकला नव्हता.

आमचं गाव वडसा आणि आरमोरीच्या मधलं. गावाला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्या संपतात तिथून जंगल. आमच्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, मोहाचं एक मोठं झाड आहे. फुलं पडायला लागली की पहाटेच जाऊन वेचावी लागतात, उशीर केला तर हरणं आणि ढोरं काही ठेवत नाहीत. आमच्याकडे सगळेच जातात आणि चारचौघं मिळून जातात. त्या दिवशी नवरा एकटाच पुढे गेला. मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, म्हणाला, "तुमी या मांगून." भासरे निघेपर्यंत हा परत आला होता. स्वतःच्या पायांनी चालत आला, चेहऱ्यावर दुपट्टा दाबलेला, आणि तो दुपट्टा कोणत्या रंगाचा होता ते कळत नव्हतं.

झाडाखाली अस्वल होतं. सोबत पिल्लं होती. ह्याची मान खाली, त्यांचीही मान खाली, सगळे फुलंच वेचत होते. एकमेकांच्या अंगावर जाईपर्यंत कुणाला कुणी दिसलं नाही.

ब्रह्मपुरीला नेलं, तिथून नागपूरला. डावा डोळा गेला. गाल, कपाळ आणि डोक्याची कातडी शिवावी लागली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याला काही झालेलं नाही." तेव्हा भासरे दवाखान्याच्या भिंतीला टेकून लहान लेकरासारखे रडले. मला रडू आलं नाही. मी फक्त मान हलवत राहिले. जिवंत आहे, एका डोळ्यानं दिसतं आहे, एवढं पुरे होतं.

घरी आणल्यावर मात्र वाटायला लागलं की अर्धाच माणूस परत आला आहे.

हा माणूस आधी फार बोलायचा. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, वडशाच्या कंपन्या येतात. हा सगळी नाटकं पाहायचा आणि मग आठवडाभर त्यातले संवाद म्हणत धान बांधायचा. शेजारच्या बायका धुऱ्यावरून ओरडून फर्माईश करायच्या. आता तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजायचा. भेटायला आलेली माणसं तेच तेच विचारायची. कसं झालं, केवढं होतं, तुम्ही काय केलं. तो उत्तर द्यायचा नाही. दुपट्टा डोक्यावरून असा घ्यायचा की चेहऱ्याची डावी बाजू दिसू नये. माझ्यासमोरही घ्यायचा. पुढे त्या हिवाळ्यात आमच्याच गावच्या बाजारचौकात नाटक झालं. त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं आणि फटीत चादर कोंबली, आवाज येऊ नये म्हणून.

बाहेर जाणं म्हणजे मागच्या परसापर्यंत, सांदवाडीपर्यंत. तिथेही कुत्रं भुंकलं की दचकून आत. त्या पावसाळ्यात आमचं भाताचं रोवणं भासऱ्यांनीच केलं.

मुलगी गडचिरोलीला कॉलेजात शिकते. दिवाळीत आली तेव्हा बाप तिच्यासमोर तसाच, झाकलेला. ती जेवताना ताटाकडे पाहायची, तोही ताटाकडे. जायच्या आदल्या दिवशी तिनं आपला जुना फोन त्याच्या उशाशी ठेवला. "बाबा, वेळ जाईल तुमचा. लुडो आहे. आणखी एक-दोन गेम टाकून ठेवले."

त्यातला एक गेम जनावरांचा होता. आपण एक जनावर व्हायचं आणि जंगलात जगून दाखवायचं. भूक लागते, तहान लागते, थंडी पडते, मोठं जनावर मागे लागतं. जगलात तर पुढे पिल्लं होतात, मग ती जगवायची. मी हे पाहिलं आणि मुलीला स्वयंपाकघरात धरलं.

"अक्कल आहे का तुला? बापाला हेच दाखवायचं होतं?"

"अगं, माझ्या लक्षातच नाही आलं. वसतिगृहात आम्ही सगळ्या खेळतो तो. हरीण होतो आम्ही." ती रडवेली झाली. "जाऊ दे ना. त्यांना लुडोच आवडेल."

महिनाभर त्यानं खरंच लुडोच खेळलं. मग एक दिवस मी शाळेतून आले तर फोनमधून गुरगुरण्याचा आवाज येत होता. मी त्याच्या मागून डोकावले. उंच टोकदार झाडं, जमिनीवर बर्फ. आमच्याकडची जंगलं असली नसतात. तो लांडगा झाला होता. आणि अस्वलं शोधून शोधून मारत होता.

"हे घे," दात आवळून पुटपुटायचा. "हे घे. आनखी घे."

रोज हेच. एकदा लांडगा हरला तर नवीन लांडगा, पुन्हा अस्वलाच्या मागे. हरणं बाजूनं जायची, त्यांच्याकडे पाहायचाही नाही. त्याच्या कपाळावरचे टाक्यांचे व्रण लाल व्हायचे. मी भासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काढून घे तो फोन." पण हातून फोन ओढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्याकडे दुसरं होतं काय? मी मुलीला फोन करून म्हटलं, "येत्या सुट्टीला ये आणि तो गेम काढून टाक. मला काढता येत नाही आणि त्याला मी सांगू शकत नाही."

ती यायच्या आधीच एक गोष्ट झाली. मी त्याच्याजवळ बसून पोपटीच्या शेंगा सोलत होते. लांडग्यानं अस्वल पाडलं. मग झाडांमागून दोन पिल्लं आली. मेलेल्या अस्वलाजवळ गेली, थोडी दूर गेली, पुन्हा जवळ आली. त्यांनाही मारता आलं असतं, तसं बटण समोर दिसत होतं. त्याचा अंगठा वर तसाच राहिला. पिल्लं गोल गोल फिरत होती. बहुधा गेम बनवणाऱ्यांनी पुढे काय करायचं हे त्यांना शिकवलंच नव्हतं.

"आता हे काय करतीन?" त्यानं विचारलं.

कितीतरी दिवसांत त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, "काही नाही करणार. गेम आहे तो."

"ते समजते मले. पन काय करतीन?"

 मी शेंगा सोलत राहिले. त्यानं फोन बंद केला, उशीवर पालथा ठेवला आणि भिंतीकडे न वळता तसाच छताकडे पाहत पडून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो अस्वल झाला. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते अस्वल उपाशी मेलं, तेव्हाचं ते ओरडणं.

"पुन्हा सुरू होते का हे?" मी उंबऱ्यावर बसूनच विचारलं.

"होते ना. ह्या बारीले मरू नाई देत तिले." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू काऊन अशी बसली? लागलं का तुले?"

मी म्हटलं, नाही, तांदूळ सांडले. तो उठला आणि माझ्यासोबत तांदूळ गोळा करायला छपरीत आला. छपरी रस्त्यावरून दिसते. तो तिथे थोडाच वेळ थांबला, पण आला.

रविवारी मुलगी आली ती गेम काढायला. मी तिला दारातच थांबवलं, "काही करू नकोस, आधी बघ." ती आत गेली. मी बाहेरून ऐकत होते.

"बाबा, असं नाही. बर्फ पडायच्या आधी गुहा शोधायची."

"कुठी असते गुहा?"

"खडक दिसतात ना, तिकडे. आधी नदीवर चला. अंगावर चरबी पाहिजे नाहीतर झोपेतच मरते ती."

"ह्या अस्वलाचं बरं हाय व. चार महिने निजून राह्यते. आपल्याकडची कुठी निजते?"

मी चहा घेऊन गेले तर दोघं खाटेवर खांद्याला खांदा लावून बसले होते, फोनवर वाकून. त्याचा दुपट्टा मानेवर घसरला होता. डावी बाजू तिच्याच बाजूला होती. त्याला भान नव्हतं आणि तिनं फोनवरून नजर हलवली नाही. मी कप खाली ठेवले आणि पाय न वाजवता बाहेर आले. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरात आली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि हुंदका आवरत म्हणाली, "आई, गाल भरून आला गं बाबांचा. मला वाटलं होतं त्याहून किती बरा आहे."

तिनं इतके दिवस काय काय मनात धरलं असेल ते मला तेव्हा कळलं. दोघींनी डोळे पुसले आणि भाजी फोडणीला घातली.

त्यानंतर आमच्या घरात अस्वलाची खबर रोज निघू लागली. जेवताना तो म्हणायचा, "आज बर्फ पडून राह्यला." भासरे एकदा समोर होते. त्यांनी घास हातात धरून गंभीरपणे विचारलं, "कुठी?"

"फोनात."

"असं म्हन ना गा." आणि मग तेही रोज विचारायला लागले. संध्याकाळी वावरातून येताना दारातूनच हाक, "काय रे, तुही अस्वल जित्ती हाय का?"

"हाय! दोन पिल्लं झाली तिले."

"हो का? मंग साखर वाट ना."

एकदा लांडग्यांनी त्यातलं एक पिल्लू खाल्लं. त्या दिवशी तो जेवला नाही. मी घाबरले, म्हटलं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवतो की काय. सकाळी उठले तर तो सांदवाडीत उभा राहून दात घासत होता आणि शेजारच्या बाईला कुंपणावरून सांगत होता की लांडगे फार हरामी असतात. ती बिचारी कोणते लांडगे, कुठले लांडगे म्हणून आजूबाजूला पाहत होती. मला हसू आवरेना.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. त्या गेममध्ये कधीमधी माणूस येतो. जंगलात लाकडं तोडायला आलेला, पाठीवर मोळी. एका दुपारी मी वह्या तपासत होते आणि तो शेजारी खेळत होता. एकाएकी त्याचं बोट थांबलं.

"मारला मी त्याले," तो म्हणाला.

"कोणाला?"

"मानसाले. मोळीवाल्याले. एकदम समोर आला." त्यानं फोन मांडीवर ठेवला. "पिल्लं होती माह्या संगं."

मी लाल पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण शिक्षकाच्या तोंडी येतात तसलीच वाक्यं मनात येत होती. मी ती गिळली. त्यानं मांडीवरचा फोन उचलून बाजूला ठेवला. नंतर म्हणाला, "चहा मांडतो का मी?" आणि खरंच उठून त्यानं चहा मांडला. ह्या विषयावर आम्ही तेव्हाही बोललो नाही आणि पुढेही नाही.

फाल्गुन संपत आला. मोहाला फुलं धरली. वाऱ्याबरोबर तो गोड, आंबूस वास गावात यायला लागला. ह्या वर्षी मोह वेचायचा नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. भासरे विचारायला आले, त्यांना मी तसं सांगणार तोच आतून आवाज आला, "मी येतो."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"हो. झाड आपलं हाय."

मी नाही म्हणणार होते. ओठावर आलं होतं. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, येऊ दे म्हणून. मग मी एवढंच म्हटलं की मीही येते आणि उजाडल्याशिवाय कुणी निघायचं नाही.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी. ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही निघालो. भासरे, भासऱ्यांच्या मालकीणबाई म्हणजे माझ्या जाऊबाई, शेजारची माणसं, सगळ्यांच्या हातात टोपल्या. एकाजवळ तेलाचा रिकामा डबा, तो वाजवत चालायचं. नवरा माझ्यापुढे होता. बांध्या ओलांडताना त्याच्या पायांचा वेग कमी कमी होत गेला. एका धुऱ्यावर तो थांबला. मी मागून म्हटलं, "परत जाऊ या का?" तो म्हणाला, "चपलीत खडा हाय." खडा नव्हता. तो पुन्हा चालू लागला.

झाडाखाली पिवळसर पांढऱ्या फुलांचा सडा होता. कुणी नव्हतं. डबा वाजवून, चारी बाजूंना पाहून आम्ही वेचायला बसलो. त्याची सुरुवातीला दर मुठीला मान वर व्हायची. मग हळूहळू कमी. भासरे त्याला चिडवायला लागले की एका डोळ्यानं तुला माझ्यापेक्षा जास्त फुलं कशी दिसतात. तो हसला. मला वाटलं, झालं, ह्याच्याहून जास्त मला काही नको.

टोपल्या भरून आम्ही परत वळलो तेव्हा नाल्याच्या बाजूनं पाचोळा वाजला.

ती झुडपातून वर आली. काळी, केसाळ, आमच्यापासून एका बांधीच्या अंतरावर. पाठीवरच्या केसांत एक पिल्लू घट्ट चिकटून बसलेलं. आम्हाला पाहून ती थांबली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. पिल्लू घसरलं आणि पुन्हा चढलं.  शेजारच्या बाईनं किंचाळण्यासाठी श्वास घेतला तेवढ्यात नवऱ्यानं हात आडवा केला.

"पळू नका कोनी," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा. "मांगं मांगं सरका. हळू."

भासऱ्यांनी काठी उगारली होती. त्यानं ती हातानं खाली दाबली. "ठेवा खाली, भाऊ." आणि मग तिच्याकडे तोंड करून, जशी एखाद्या वयानं मोठ्या बाईला वाट द्यावी तसा म्हणाला, "जा बाई, जा. आमी सरून राह्यलो मांगं. तू जा आपली."

आम्ही मागे सरत होतो. तो सगळ्यांच्या पुढे, तिच्या बाजूला, आणि तोही मागे सरत होता, बोलत बोलत. तिनं नाक हवेत फिरवलं. मग धपकन चारी पायांवर आली, वळली आणि नाल्यात उतरली. पाचोळ्याचा आवाज दूर दूर गेला आणि थांबला.

नवरा मटकन खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. मी धावले, त्याचे खांदे धरले. तो थरथरत होता, दात वाजत होते, घामानं सदरा अंगाला चिकटला होता. आणि हसतही होता.

"पाठीवर बसलं होतं व," तो म्हणाला. "पाहलं का तू? पोट्टं पाठीवर बसलं होतं."

"पाहिलं," मी म्हटलं. मग मला रडायला आलं. नागपूरच्या दवाखान्यात न आलेलं, नंतरही कधी न आलेलं सगळं तिथे धुऱ्यावर बसून आलं. भासऱ्यांच्या मालकीणबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. तो माझा हात धरून म्हणत होता, "गेली ना ती. गेली."

त्या गेमनं त्याला हे शिकवलं असं मी म्हणणार नाही. जनावर समोर आलं तर काय करायचं हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराला सांगतात, त्यालाही तेव्हापासून माहीत होतं. आतल्या खोलीतल्या त्या भिंतीकडून तो छपरीत कसा आला, छपरीतून बांधीवर कसा आला, एवढंच मी पाहिलं. त्यात बर्फातल्या त्या अस्वलाचा वाटा होता, आणि शाळेत आता मी गेमबद्दल बोलताना जरा सांभाळून बोलते.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही फुलं आतल्या खोलीपासून छपरीपर्यंत वाळत घातली. पाय ठेवायला जागा उरली नाही. मी म्हटलं, जरा पाठ टेकते, मग स्वयंपाकाला लागते. टेकल्या टेकल्या झोप लागली ती अशी, की गेल्या वर्षभरात मी नीट झोपलेच नव्हते हे मला उठल्यावर कळलं. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. घरभर मोहाचा वास भरला होता. बाहेर नवरा आणि भासरे उद्या कोण कोणाला आधी उठवणार ह्यावरून वाद घालत होते, शेजारची बाई मध्येच काहीतरी बोलत होती. मी डोळे उघडे ठेवून ऐकत पडून राहिले. उठायची काही घाई नव्हती.